उतारावरचं इंजिन

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती. मोटरसायकलचा वेग कमी करायला इंजिन वापरावं की ब्रेक? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे जरा गंमतच. पण चिठ्ठी वाचून मी हसलो नाही. का, ते पुढे येईलच.

आधी इतिहास. १८९४ साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी जी दुचाकी विकायला काढली, तिलाच पहिल्यांदा मोटरसायकल हे नाव मिळालं. तिला क्लच नव्हता. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनासारखे तिचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले. म्हणजे चाक फिरलं की इंजिन फिरणार, आणि इंजिन अडलं की चाक अडणार. पुढेही बरीच वर्षं असंच चाललं. १९०७ साली आइल ऑफ मॅनची पहिली टीटी शर्यत झाली, तेव्हाही बहुतेक गाड्या पट्ट्यावर चालणाऱ्या आणि एकाच गिअरच्या होत्या. ब्रेक यथातथाच. त्या काळच्या चालकाला तुमचा प्रश्न कळलाच नसता. इंजिन हाच त्याचा ब्रेक होता; त्याला निवड करायला दुसरं काही फारसं नव्हतंच.

आपल्याकडे ही गोष्ट समजायला म्युनिकला जायला नको. उतारावरची बैलगाडी आठवा. गाडी मागून रेटते, जू पुढे सरकतं, आणि बैल पाय रोवून तो रेटा अंगावर घेतात. चढावर जो ओढतो, तोच उतारावर रोखतो.

क्लच आला, गिअर आले, आणि इंजिन चाकापासून सोडवता येऊ लागलं. सोय झाली, तशी जबाबदारीही आली. आता रोखायचं कुणी, हे चालकाने ठरवायचं. दुसरीकडे ब्रेकही सुधारत होते. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिलं, की गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावतात. त्यावरून त्याने ब्रेकचं अस्तर बनवायला सुरुवात केली. फेरोडो हे नाव तुमच्यापैकी ज्यांनी गॅरेजात वेळ घालवलाय त्यांना माहीत असेल. ते फ्रूडच्याच नावातली अक्षरं फिरवून केलेलं आहे. पुढे १९६९ साली होंडाने सीबी ७५० गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिला आणि मोटरसायकलच्या ब्रेकचा जमाना बदलला.

आता इंजिन रोखतं म्हणजे नेमकं काय करतं? बहुतेक लोक सांगतात, हवा दाबण्यात जोर जातो. अर्धवट खरं आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून पिस्टनला पुन्हा खाली ढकलते, बराचसा हिशेब तिथेच फिटतो. खरा अडसर दुसरीकडे आहे. आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कार्ब्युरेटरचं दार जवळजवळ बंद होतं आणि खाली येणाऱ्या पिस्टनला हवा मिळत नाही. सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या ओढून बघा. ती ओढ, अधिक यंत्राचं आपलं घर्षण, हे गाडीला मागे धरतं. फोर-स्ट्रोकमध्ये हे चांगलं जाणवतं, टू-स्ट्रोकमध्ये फार कमी. डिझेल इंजिनाला तसं दारच नसतं, म्हणून घाटात अवजड ट्रक रोखायला निराळी युक्ती करावी लागली. ती गोष्ट मोठी आहे, आज सोडतो.

आता माझी गोष्ट. १९७४ साल. मी एम.ए.ला होतो. पेट्रोलचे भाव चढले होते, आणि आम्हा मुलांमध्ये एक शहाणपण प्रचलित होतं: उतारावर गाडी न्यूट्रल करायची, किल्ली बंद करायची, आणि फुकट घरंगळायचं. पाचगणीहून वाईला येत होतो. गाडी सेकंडहँड, टू-स्ट्रोक. मागे माझा मित्र. पसरणी घाट लागला आणि मी इंजिन बंद केलं. काय शांतता होती! मित्र गात होता.

आता हिशेब बघा. पाचगणी ते वाई उतार जवळजवळ ६०० मीटरचा. गाडी आणि आम्ही दोघे मिळून अडीचशे किलो धरा. वाऱ्याने खाल्लेला वाटा सोडला, तर एवढ्या उताराची ऊर्जा चार-साडेचार लिटर पाणी उकळीला आणायला पुरते. ती सगळी दोन छोट्या ड्रममध्ये गेली. खरं सांगायचं तर एकाच ड्रममध्ये, कारण पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पालथा पडतो, असं आम्हाला शिकवलेलं. ड्रम तापला की फुगतो, ब्रेक-शूपासून लांब जातो. अस्तरही तापून गुळगुळीत पकडतं. आधी जळका वास आला. मग पायाखालचं पेडल नुसतंच खाली जाऊ लागलं. गिअर टाकावा, किल्ली फिरवावी, काही म्हणजे काही सुचलं नाही. एका वळणावर आम्ही दगडी कठड्याला धडकलो. मला खरचटलं. मित्राच्या मांडीचं हाड मोडलं, आणि तो पाय कायमचा थोडा आखूड राहिला.

पुढे कितीतरी वर्षं मी सांगत असे, "ब्रेक फेल झाला." व्याकरण बघा: या वाक्यात मी कुठेच नाही. मी वर्गात कर्ता आणि कर्म शिकवत होतो, आणि माझ्याच वाक्यातला कर्ता लपवून ठेवला होता.

बरं, न्यूट्रलचं ते शहाणपण निव्वळ मूर्खपणा होतं का? मी शोध घेतला, तर नव्हतं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असे. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद आणि गाडी गिअरमध्ये, म्हणजे इंजिन जोरात फिरतंय आणि तेल मात्र थेंबभर; पिस्टन जाम व्हायची भीती. म्हणूनच स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना उतारावर इंजिन आपोआप सोडवणारी यंत्रणा दिली होती. तर कारण खरं होतं. आम्ही कारण विसरलो, सवय ठेवली, आणि तिला काटकसरीचं नाव दिलं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर हिशेब उलटाच आहे: गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

तेव्हा चिठ्ठीवाल्या मित्रा, तुझं उत्तर. लांब उतारावर वेग धरून ठेवायचं काम इंजिनाचं. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच्याच आसपास उतर. थांबायचं असेल, अचानक काही आडवं आलं, तर ब्रेक, आणि पुढचा मुख्य, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो. इंजिन फक्त मागच्या चाकाला धरतं. पावसात एकदम दोन गिअर खाली आणलेस तर मागचं चाक घसरेल. आणखी एक: इंजिनाने वेग कमी केलास तर मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्या ट्रकवाल्याला कळावं म्हणून ब्रेकला हलकासा स्पर्श कर. आपोआप गिअर बदलणाऱ्या स्कूटरवाल्यांनी लक्षात ठेवा, अगदी हळू चालवताना तुमचा क्लच सुटतो, तेव्हा इंजिनाची मदत नसते.

माझा तो मित्र अजून आहे, देवदयेने. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्या मुलाच्या मोटारीतून पुन्हा पसरणीने उतरलो. त्या वळणाशी मी गप्प झालो. हा मागून मुलाला विचारतो, "कितव्यात आहेस रे?" मुलगा म्हणाला, "दुसऱ्यात, बाबा." मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "सर, आता गाऊ का?"