घर्षण आणि झीज : कृत्रिम खुब्याच्या इतिहासातील दोन संज्ञा

कृत्रिम खुब्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु या विद्येची प्रगती मुख्यतः अपयशांच्या चिकित्सेतून झाली आहे. त्या चिकित्सेत साहित्याच्या उणिवेइतकाच संज्ञांच्या संदिग्धतेचाही अडथळा आला. घर्षण आणि झीज या दोन कल्पनांचा संबंध हे त्याचे ठळक उदाहरण होय.

इ. स. १९४६ मध्ये पॅरिस येथे ज्युदे बंधूंनी मांडीच्या हाडाच्या डोक्याऐवजी ॲक्रिलिकचा गोळा बसविण्यास प्रारंभ केला. आरंभी वेदना शमत. पण पुढे हे गोळे झिजू, मोडू व ढिले होऊ लागले. असा गोळा बसविलेल्या एका रुग्णाच्या खुब्यातून हालचालीबरोबर करकर आवाज येतो, ही गोष्ट इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली (१९११–१९८२) यांना अर्थपूर्ण वाटली. आवाज घर्षणाचा आहे आणि तेच घर्षण गोळ्याला हाडापासून सैल करीत आहे, असे अनुमान त्यांनी काढले. त्यावर त्यांनी दोन उपाय योजिले : उखळीसाठी टेफ्लॉन हे अत्यंत निसरडे द्रव्य, आणि सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा लहान धातूचा गोळा. गोळा जितका लहान, तितका घर्षणाचा पीळ कमी, हे त्यामागील यांत्रिक सूत्र होते. दांडा हाडात पक्का करण्यासाठी त्यांनी ॲक्रिलिक सिमेंट वापरले. हे सिमेंट डिंकासारखे चिकटवीत नाही. गवंड्याने दगडांच्या फटीत भरलेल्या चुन्याप्रमाणे ते भार सर्वत्र वाटून देते.

अनुमान अचूक होते, पण अपुरे होते. लँकेशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात सुमारे ३०० रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि काही वर्षांतच उखळ्या झिजल्या. निसरडेपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे, हे त्यातून उघड झाले. शिवाय लहान गोळ्याने पीळ कमी केला, तसा उखळीच्या थोड्या जागेवरील दाब वाढविला. त्यामुळे गोळा उखळीत खोल रुतत गेला. झिजेचे कण भोवतालच्या ऊतींत जाऊन तेथे तीव्र प्रतिक्रिया उमटली. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत हे द्रव्य टोचून तिची परीक्षा केली. रुग्णांना मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. १९६२ मध्ये कापडगिरण्यांच्या यंत्रांत वापरले जाणारे पॉलिएथिलीन त्यांच्या प्रयोगशाळेत आले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते घासणीच्या यंत्रावर चढविले. तीन आठवड्यांत त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी भरली. पॉलिएथिलीनचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा अधिक होते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून ते वापरात आले.

पुढील दशकांत बसविलेल्या सांध्याभोवतीचे हाड विरघळून सांधा ढिला होण्याचा प्रश्न पुढे आला. १९८७ मध्ये जोन्स व हंगरफोर्ड यांनी त्यास 'सिमेंट-रोग' असे नाव दिले. दोष नावातच ठरून गेला असल्यामुळे सिमेंटविरहित सांधा हाच त्यावरील उपाय भासला. परंतु तशा सांध्यांभोवतीही हाड विरघळलेले आढळले. समान कारण होते ते कणांचे. भक्षक पेशी हे सूक्ष्म कण गिळतात आणि त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांनी हाड खाणाऱ्या पेशी चेतविल्या जातात. अर्थात 'यांत्रिक' म्हटलेला दोष वस्तुतः अर्धा जैविकच ठरला.

झीज ही संज्ञाही एकजिनसी नाही. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांत झिजेचे आकारमान अल्प असते; पण कण अतिसूक्ष्म व असंख्य असून धातूचे आयन रक्तात उतरतात. अशा रचनेचा 'एएसआर' हा सांधा त्याच्या उत्पादकांनी २०१० मध्ये जगभरातून परत घेतला.

तात्पर्य, घर्षण किती, झीज किती आणि झिजेचे कण कोणत्या जातीचे, हे तीन निरनिराळे प्रश्न होत. त्यांना एकाच नावाखाली गोवले गेले, तेव्हा तेव्हा त्याचे मोल रुग्णांच्या हाडांनी चुकते केले.