आभासी यंत्रांचे स्मृतिवाटप
एकाच संगणकावर चालणाऱ्या अनेक आभासी यंत्रांमध्ये त्याच्या प्रत्यक्ष स्मृतीची विभागणी करण्याची पद्धती. आभासी यंत्र म्हणजे कार्यक्रमाद्वारे निर्माण केलेली स्वतंत्र संगणकाची प्रतिकृती होय.

प्रत्यक्षाहून मोठी स्मृती भासविण्याची कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात (१९६२) साकार झाली. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६७ मध्ये वापरात आलेल्या सीपी-४० या प्रणालीत १४ आभासी यंत्रांना प्रत्येकी २५६ किलोबाइट स्मृती मिळे; मूळ संगणकाची कमाल स्मृतीच तेवढी होती. कोणतेही यंत्र आपली सर्व स्मृतिपृष्ठे एकाच वेळी वापरीत नाही व निकडीची नसलेली पृष्ठे चकतीवर ठेवता येतात, म्हणून हे शक्य झाले. तथापि या उसनवारीस मर्यादा आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कार्यसंच संकल्पनेनुसार, सर्वांच्या तातडीच्या गरजांची बेरीज प्रत्यक्ष स्मृतीहून अधिक झाल्यास संगणकाचा बहुतेक वेळ पृष्ठांची ने-आण करण्यातच खर्ची पडतो.

व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये आभासी यंत्रे वैयक्तिक संगणकावर आणली, तेव्हा हाच प्रश्न सामान्य वापरणाऱ्यापुढे आला. कारण येथे यजमान प्रणालीलाही स्मृती राखून ठेवावी लागते. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये सर्व्हरसाठी वर्णिलेल्या ‘फुगा’ तंत्रात पाहुण्या प्रणालीत स्मृतीची कृत्रिम मागणी निर्माण करून तिच्याकडूनच कमी गरजेची पृष्ठे सोडवून घेतली जातात. त्यामुळे वाटप लवचिक झाले. मात्र डेनिंग यांनी दाखविलेली मर्यादा कायम राहिली.