हे लोक फुकट का देतात?

आमच्या गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. दिवाळीत मी घरी असल्याचं कळल्यावर ग्रंथपाल काकांचा फोन आला. "अगं, तू कम्प्युटरवाली ना? जरा येऊन जा. फोटोचं सॉफ्टवेअर उघडेना झालंय."

ते सॉफ्टवेअर कुणीतरी कधीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं होतं. अर्थात चोरीचं. रीतसर घ्यायचं तर वर्षाला जी रक्कम पडते, ती 'क' वर्गाच्या वाचनालयाने अनुदानातून पुस्तकांवर खर्च करायची की फोटो उजळ करण्यावर? मी ते काढून टाकलं आणि गिम्प आणि लिब्रे ऑफिस टाकलं. दहा मिनिटांचं काम. काकांनी किंमत विचारली. काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी संशयाने पाहिलं. "हे लोक फुकट का देतात? त्यांना काय मिळतं?"

मी पाच वर्षं याच क्षेत्रात नोकरी करतेय, पण मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा इतिहास शोधत बसले.

फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. पाच वर्षांनी, १९९५मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी चित्रं संपादित करण्याचा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. १९९६मध्ये त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. हाच गिम्प. पण त्यात एक गोची होती. खिडक्या, बटणं, मेनू काढण्यासाठी त्यांनी 'मोटिफ' नावाचा तयार संच वापरला होता आणि तो विकत घ्यावा लागायचा. म्हणजे गिम्पचा कोड हातात असूनही, त्यात बदल करून तो पुन्हा बांधायचा तर आधी मोटिफचे पैसे मोजा. घर फुकट, पण दाराची किल्ली विकत, असला प्रकार.

मग मॅटिसने बटणं आणि मेनूंचा स्वतःचाच संच लिहिला. त्याचं नाव जीटीके. गिम्पची सोय म्हणून केलेलं हे काम पुढे गिम्पपेक्षाही मोठं झालं. १९९७मध्ये सुरू झालेला लिनक्सचा ग्नोम डेस्कटॉप त्याच पायावर उभा राहिला. दरम्यान शिक्षण संपवून दोघेही नोकरीला लागले आणि गिम्प पोरकं झालं. विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी बंद पडली की ते तिथेच संपतं. इथे कोड उघडा होता, म्हणून इतरांनी तो पुढे नेला आणि १९९८मध्ये १.० आवृत्ती आली.

लिब्रे ऑफिसची गोष्ट याच्या उलट आहे, ते बाजारातूनच आलं. जर्मनीत मार्को ब्योरिस या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५मध्ये स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं 'स्टार ऑफिस' १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २०००च्या ऑक्टोबरात त्याचा कोड खुला केला. तेच ओपन ऑफिस. २०१०मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. आता याचं काय होणार, या धास्तीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बऱ्याच प्रोग्रॅमरांनी कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. तिचं नाव लिब्रे ऑफिस. मालक बदलला म्हणून काम अडलं नाही, कारण परवान्यानेच प्रत घ्यायची मुभा दिली होती.

फोटोशॉपच्या बाबतीत २०१३मध्ये उलटं घडलं. अडोबीने यापुढच्या आवृत्त्या एकदाच पैसे भरून मिळणार नाहीत, वर्गणी भरत राहावी लागेल, असं जाहीर केलं. कंपनीला ते परवडतं. वाचनालयाचं मात्र अनुदान उशिरा आलं की सॉफ्टवेअरही थांबणार.

फुकटातही अडचणी असतातच. छपाईला लागणाऱ्या सीएमवायके रंगांच्या बाबतीत गिम्प कायम लंगडं राहिलं. केलेला बदल मूळ चित्राला धक्का न लावता मागाहून दुरुस्त करण्याची नीट सोय यायला २०२५ची ३.० आवृत्ती उजाडली. आमच्या छापखान्यानेही पहिल्यांदा "कोरलची फाइल द्या" म्हणून नाक मुरडलं. शेवटी पीडीएफवर भागलं.

खरा दणका वेगळ्याच ठिकाणी बसला. वीस वर्षांपूर्वीची सभांची इतिवृत्तं कम्प्युटरवर होती. उघडली तर पडद्यावर नुसता कचरा: इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. तेव्हा ती युनिकोडमध्ये न टाइपता एका विकतच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती आणि तो फॉन्ट आता कुणाकडेच नव्हता. शंभर वर्षांपूर्वीचं शाईने लिहिलेलं इतिवृत्त आम्ही सहज वाचत होतो. वीस वर्षांपूर्वीचं वाचता येईना. काका बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. लिब्रे ऑफिसच्या ओडीएफ या फाइल-प्रकाराला २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली, तिची किंमत मला त्या दिवशी कळली. फाइलची रचना जाहीर असेल, तर आजचं सॉफ्टवेअर मेल्यावरही उद्या कुणीतरी ती उघडू शकेल.

आणि मग मला काकांसाठी उत्तर सापडलं, तेही एका वाचनालयातच. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ वाचनालयांची जुनी यंत्रणा सन २००० उजाडताच कोलमडणार अशी भीती होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी कटिपो या छोट्या कंपनीकडून १९९९मध्ये स्वतःची लिहून घेतली आणि ती सगळ्या जगाला देऊन टाकली. आज भारतातल्याही अनेक ग्रंथालयांत ती चालते. तिचं नाव 'कोहा'. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, पण अशी भेट की घेणाऱ्याने कधीतरी परतफेड करावी.

काकांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून पहिली दाखल नोंदवही काढली आणि किमतीच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. पानामागून पान एकच शब्द: भेट, भेट, भेट.

"मग आपल्याला काय परत करावं लागेल?" त्यांनी विचारलं.

ती इतिवृत्तं आता आम्ही कागदी प्रतींवरून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतोय. दोन वर्षांची झालीत.