लोणारचा खार

मेहकराहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता लोणारची वस्ती मागे टाकून विवराच्या कडेशी येऊन थबकतो, तेथे खाली नजर जाण्यापूर्वीच, विशेषतः उन्हाळ्याच्या अखेरीस, एक खारट, कुजकट, उग्र दर्प नाकाशी येतो. आणि मग सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशे मीटरांच्या आसपास खोलीचा तो काळ्या पाषाणातला कटोरा आणि त्याच्या तळाशी निपचित पडलेले हिरवट पाणी दृष्टीस पडते. हल्लीचा प्रवासी येथे उल्केची गोष्ट ऐकतो, छायाचित्रे काढतो आणि सूर्यास्तापूर्वी परततो. ज्या पांढुरक्या खारासाठी या पाण्याकडे एकामागून एक राजवटींच्या दप्तरांचे लक्ष होते, त्याची आठवण त्याला कोणी करून देत नाही, आणि गावातल्या तरुणांनाही ती फारशी उरलेली नाही.

गावाचे नाव मात्र ती आठवण बाळगून आहे. लोण म्हणजे मीठ, आणि कथेतला दैत्य लवणासुर. भगवान विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचे झाकण उडवले, त्याला मारले, आणि त्या दैत्याच्या रक्ताचे पाणी व कुजलेल्या मांसाचा खार झाला, असे स्थळमाहात्म्य सांगते. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर त्याच कथेचे स्मारक होय. रसायनशास्त्राचा खुलासा याहून रुक्ष आहे, पण कमी नवलाचा नाही. भोवतालच्या खडकांतून झिरपणारे पाणी सोडियमचे क्षार घेऊन तळाशी येते, विवराला बाहेर जाण्यास वाट नाही, वर वऱ्हाडचे ऊन आहे. पाणी उडून जाते, क्षार उरतो, आणि हा व्यवहार हजारो वर्षे चालल्यामुळे तळ्याचे पाणी धुण्याच्या सोड्यासारखे झाले आहे. हळद लावलेला कागद त्यात बुडवला की क्षणात लाल होतो. पण याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते, आणि कमळजादेवीच्या देवळापाशी जी सासू-सुनेची विहीर आहे, तिच्या एका बाजूचे पाणी गोडे व दुसरीचे खारे असल्याचे सांगतात. सासू कोणती नि सून कोणती, हे ज्याने त्याने आपल्या घरावरून ठरवावे.

अकबराने १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगल राज्यास जोडल्यावर अबुल फजलाने ‘आइन-ए-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन केले, त्यात लोणार आहे, आणि ज्या क्रमाने आहे तो क्रम मोठा उद्बोधक आहे: क्षेत्र म्हणून त्याची महती सांगून होते न होते तोच लेखक काच व साबण यांना लागणारे सर्व साहित्य या डोंगरांत निपजते, आणि येथल्या शोऱ्याच्या कामापासून सरकारला चांगले उत्पन्न होते, हे नमूद करतो. खाऱ्या पाण्यातच गोडे पाणी असल्याचे आश्चर्यही तो टिपतो. परंतु हा काही प्रवासी नव्हता. जमाबंदी मांडणाऱ्या साम्राज्याचा तो लेखनिक होता, आणि तळ्याचे सौंदर्य त्याच्या लेखणीला महसुलाच्या रकान्यातूनच दिसत होते. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यानंतर आलेल्यांनी तरी निराळे काय केले?

खार काढण्याचे काम उन्हाळ्याचे. पाणी ओसरू लागले की काठाच्या चिखलात व तळच्या गाळात क्षाराचे थर बसत, ते हातांनी उकरून, काठावर आणून, उन्हात वाळवत. मालाच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि त्यांची नावे आजही कानाला गोड लागतात: दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. साबण, काच आणि बांगड्या करणारे व रंगारी हे त्याचे गिऱ्हाईक. आणि या सर्वांपेक्षा मला जवळचे वाटते ते घरातले गिऱ्हाईक. उडदाच्या पिठात मीठ, मिरे, हिंग आणि पाण्यात उकळून गाळलेला पापडखार घालायचा, पीठ घट्ट भिजवायचे, मग तेलाचा हात लावून ते वरवंट्याने कुटत बसायचे. खार कमी पडला तर पापड तळताना फुलत नाही, जास्त झाला तर लाल पडतो नि जिभेला चावतो. चैत्र-वैशाखात ओसरीवर बसलेल्या बायकांनी ज्या चिमटीने हे प्रमाण साधले, तिला कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेचा दाखला लागला नाही.

अशा उत्पन्नाच्या बाबी मक्त्याने लावून देण्याची दख्खनची जुनी रीत होती. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरणार, आणि ती मजुरांच्या पाठीवरून वसूल करणार. मग खारट चिखलात दिवसभर उभे राहून ज्यांच्या पायांची कातडी सोलली, त्यांचा उल्लेख हिशेबात कशाला येईल? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने दिले, आणि पुढच्याच वर्षी ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. धनी बदलत गेले, चिखल तोच राहिला. या तळ्याची इंग्रजी वाङ्मयात नोंद १८२३ पासूनची, सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याच्या नावावर आहे, आणि ला टूश व ख्रिस्ती या भूगर्भवेत्त्यांनी १९१२ साली त्याच्यावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातही सोड्याचा हिशेब आहेच.

तोवर या मालाचे दिवस भरत आले होते. बेल्जमातल्या सोल्वे यांनी १८६१ साली मीठ व चुनखडी यांपासून सोडा तयार करण्याची स्वस्त रीत काढली, विलायतेच्या कारखान्यांतून शुद्ध सोडा जहाजाने मुंबईस उतरू लागला, आणि पुढे १९३९ साली सौराष्ट्रात मिठापूरला टाटांचा रसायनांचा कारखाना निघाला. लोणारला आगगाडी कधीच आली नाही. उत्तरेकडे खामगावची गोष्ट निराळी: अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचे मोल आले, आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा खुला झाला. ज्या मालाला मँचेस्टरची भूक होती त्याच्यापर्यंत रूळ पोचले. दल्ला आणि भुस्की बैलाच्या पाठीवरच राहिली. आज लोणारच्या बाजारातही पापडखार पुडीतून मिळतो.

निसर्गाच्या देणगीवर मालकी कोणाची, हा प्रश्न वऱ्हाडात पुस्तकी नव्हता. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी समुद्र नसलेल्या या प्रांताने अकोला जिल्ह्यातले दहिहांडा निवडले, ते तेथील खाऱ्या विहिरींमुळे. आणि त्याच वर्षी १० जुलैस लोकनायक अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्याने गवत कापून अटक ओढवून घेतली. मूठभर मीठ आणि पेंढीभर गवत यांना त्या वर्षी जो राजकीय अर्थ आला, तो लोणारच्या खाराला आला नाही. कदाचित तेव्हा त्याच्यासाठी भांडावे इतके त्याचे मोलच उरले नव्हते.

येथे मला एका दूरदेशीच्या विवराची आठवण होते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सडबरी म्हणून जे शहर आहे, ते सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताने झालेल्या विवराच्या काठी वसले आहे. १८८३ साली आगगाडीचा रस्ता खोदताना तेथे तांबे व निकेल सापडले. खनिजाचे ढीग लाकडांच्या राशींवर रचून महिनोन्महिने जाळीत, त्या गंधकाच्या धुराने भोवतालच्या टेकड्या काळ्या व बोडक्या झाल्या आणि तळी आंबली. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचे धुराडे बांधण्यात आले. त्यामुळे शहराची हवा सुधारली, आणि धूर दूरच्या लोकांच्या वाट्याला गेला. खरा पालट दोन गोष्टींनी झाला: प्रांतिक सरकारने कारखान्यांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या, आणि १९७८ पासून विद्यार्थी व बेकार मजूर यांना मजुरी देऊन त्यांच्या हातांनी टेकड्यांवर चुना पसरला, गवत पेरले, लक्षावधी झाडे लावली. भूमीची दुरुस्ती आणि माणसाची भाकरी ही दोन कामे एकाच हजेरीपटावर मांडता येतात, हे तेथील राजकारणाला उमगले. उशिरा उमगले, पण उमगले.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. १९७३ साली अमेरिकन व भारतीय संशोधकांनी मिळून हे विवर आघाताचेच असल्याचे सिद्ध केले, आणि ज्याला ज्वालामुखीचे तोंड समजत होते त्या खड्ड्यास जागतिक प्रतिष्ठा आली; २००० साली अभयारण्य झाले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारा देश हळहळला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून, पाणी घटून खारटपणा वाढल्यामुळे बळावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. गुलाबी रंगाला वृत्तपत्रांत जागा मिळाली. गावाचे सांडपाणी उतारावरून वर्षानुवर्षे खाली जात होते, विवरातल्या शेतांतून खत पाण्यात मिसळत होते, आणि वेडी बाभूळ काठ गिळत होती, त्यासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले. देवळे पुरातत्त्वाची, झाडे वनखात्याची, गटार नगरपरिषदेचे, आणि पाणी? प्रत्येक खात्याजवळ आपापला नकाशा आहे. विवरातली शेती बंद झाली ती योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र ज्यांची शेते गेली त्यांनाच बाभूळ उपटण्याचे, नाले वळवण्याचे, पाहुण्यांना वाट दाखवण्याचे हक्काचे काम का देऊ नये, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

नवरात्रात कमळजेच्या दर्शनाला बायका ओटी घेऊन दगडाधोंड्यांच्या वाटेने विवरात उतरतात. एकदा चढताना दम खाण्यासाठी एका म्हाताऱ्या बाईशेजारी मी टेकलो आणि येथला खार तिने कधी वापरला होता काय, असे विचारले. ‘माही आजी आनत होती बाप्पा,’ ती म्हणाली, ‘फडक्यात बांधून. पापड असा फुलायचा की कढईत मावत नसे.’ मग तिने पदराने तोंड पुसले आणि चढणीला लागली.