वेंगुर्ल्याची डच वखार : आदिलशाही मुत्सद्देगिरीची खूण

१/ वेंगुर्ल्यात एका डच वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. पोर्तुगीजांच्या गोव्याला लागून असलेल्या या किनाऱ्यावर त्यांच्याच कट्टर वैऱ्यांना जागा दिली कोणी? उत्तर विजापूरच्या दरबारात सापडते.

२/ १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा आदिलशाहीकडून हिरावून घेतला. १५७०-७१ मध्ये अली आदिलशहाने गोव्याला प्रदीर्घ वेढा घातला. परंतु समुद्र पोर्तुगीजांच्या हाती असल्याने शहर पडले नाही. अखेर तह करावा लागला.

३/ या समुद्रात जहाज हाकारायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा लागे. तो नसल्यास जहाज व माल जप्त होई. घोडदळाच्या बळावर दख्खन राखणारी सत्ता व्यापारासाठी आणि हजयात्रेसाठी मात्र परावलंबी होती.

४/ १६३६ मध्ये दोन घटना घडल्या. शाहजहानशी तह होऊन विजापूरची उत्तर सीमा काहीशी निर्धास्त झाली. त्याच वर्षी डचांनी गोव्याची सागरी नाकेबंदी आरंभली. त्यांचे मुख्य ठाणे बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता. ताफ्याला पाणी, सरपण आणि धान्य पुरवणारे बंदर जवळच हवे होते.

५/ १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूरला आला. मुहम्मद आदिलशहाने वेंगुर्ल्यात वखारीस परवानगी दिली. डचांना रसद मिळाली. आदिलशहाला पोर्तुगीजांवर वचक ठेवणारा मित्र मिळाला, तोही स्वतःचे आरमार न उतरवता.

६/ याला धर्मयुद्धाच्या चौकटीत बसवून पाहा. मुस्लिम सुलतान, प्रोटेस्टंट मित्र, कॅथलिक शत्रू : ती चौकट इथे मोडते. निर्णय ठरत होता तो व्यापार, भूगोल आणि सत्तेचा तोल यांवर.

७/ मात्र या धोरणाला मर्यादा होती. १६४४ मध्ये डच-पोर्तुगीज युद्धबंदी आशियात लागू झाली आणि नाकेबंदी उठली. हा तह युरोपात ठरला होता. विजापूरला त्यात स्थान नव्हते. उसन्या आरमारावर उभारलेला वचक दुसऱ्याच्या सहीने संपला.

८/ पुढे वीसच वर्षांनी, १६६४ मध्ये, याच किनाऱ्यावर मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. स्वतःचे आरमार आणि स्वतःचे जलदुर्ग का हवेत, हे समजून घ्यायचे असेल तर सिंधुदुर्ग पाहून झाल्यावर वेंगुर्ल्याची ही वखारही अवश्य पाहावी.