वसईच्या अंगणांतील तुळस

आमच्या परिचयाचे एक विद्वान् गृहस्थ दर कार्तिकांत तुळशीच्या लग्नाचें अगत्यपूर्वक आमंत्रण देतात. मंगलाष्टकें संपलीं आणि प्रसाद हातांवर पडूं लागला, कीं त्यांचें व्याख्यान सुरू होतें : तुळस अहोरात्र प्राणवायु सोडते; हें आपल्या पूर्वजांनीं जाणलें होतें, म्हणूनच त्यांनीं तिला देवी केलें. प्राणवायूचें हें गणित चुकीचें आहे. सूर्यप्रकाशावांचून तुळशीचें पान प्राणवायु निर्माण करीत नाहीं, व रात्रीं तीहि चारचौघींसारखा नुसता श्वासोच्छ्वासच करिते. परंतु आम्हांस खटकते ती ही चूक नव्हे. ज्या झाडापुढें पिढ्यान्‌पिढ्या सांजवात लागली, त्याला रसायनशाळेचें शिफारसपत्र मिळाल्यावांचून नमस्कार करण्याची आम्हां सुशिक्षितांस लाज वाटते, हें त्या व्याख्यानाचें खरें मर्म आहे.

तुळशीचें पावित्र्य तिच्या औषधी गुणांतून निघालें काय, या प्रश्नाचा एक बोलका दाखला वसई ज्या राज्याचा भाग होती त्याच राज्याच्या दप्तरांत सांपडतो. सन १५३४ त गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली; मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती घेईपर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, ती त्यांजकडेच राहिली. १५६० त गोव्यास इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायासन स्थापन झालें, व वसईसुद्धां उत्तरेकडील पोर्तुगीज मुलूख त्याच्या कक्षेंत आला. या न्यायासनानें १४ एप्रिल १७३६ रोजीं, वसई पडण्याच्या तीनच वर्षें आधीं, एक फर्मान काढलें. त्याचा रोंख गोव्यांतील बाटलेल्या घरांवर होता. एकादशीचा उपास करूं नये, अळणी भात शिजवूं नये, लग्नांत हळद लावूं नये, अशी ती लांबलचक यादी. आणि तींत तुळस! घरांत, परसांत, बागेंत किंवा अन्यत्र कोठेंहि ती लावूं नये. असेल तेथून उपटून टाकावी. अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत हें फर्मान दिलें आहे. जिज्ञासूंनीं तें मुळांतून अवश्य पहावें.

आतां या आज्ञेचा नीट विचार करावा. तुळशीचा काढा पिणाऱ्या आजाऱ्याचें भय न्यायाधीशांस असण्याचें कारण नव्हतें. भय होतें तें सकाळीं स्नान करून त्या रोपट्याला पाणी घालणाऱ्या बाईचें. तिचें नांव बदललें, नेसणें बदललें, रविवारीं ती प्रार्थनेस जाऊं लागली. पण तिचा तांब्या जोंवर तुळशीच्या मुळांशीं रिकामा होत होता, तोंवर धर्मांतर पुरें झालें असें त्यांस वाटेना. वीतभर रोपाविरुद्ध एका राज्याचें धर्मखातें लेखणी उपसतें, हें हास्यास्पद खरेंच. परंतु आमच्या प्राणवायुवाद्यांपेक्षां तो क्रूर न्यायाधीश तुळशीला अधिक ओळखून होता, असें म्हणणें भाग आहे.

आमच्या प्राचीन वैद्यांचीहि साक्ष अशीच पडते. चरक-सुश्रुतांतील ‘सुरसा’ ती तुळस, असें सामान्यतः मानितात. सुश्रुतानें तर औषधींच्या एका गणालाच ‘सुरसादि’ हें नांव दिलें. कास, श्वास, बरगड्यांतील शूळ यांवर ती सांगितली आहे. पण तेथें ती इतर वनस्पतींच्या पंक्तीला बसते. तिला कोणी हात जोडीत नाहीं. तिचें देवत्व पुराणांत फुललें, तें वृंदेच्या कथेनें. जालंधराची ही पतिव्रता. तिच्या पातिव्रत्यामुळें तो अजिंक्य. म्हणून विष्णूनें पतीचें रूप घेऊन तिला फसविलें, आणि तिच्या शापानें देव शाळिग्राम झाला. कार्तिकांत आम्ही लग्न लावितों तें एका फसविल्या गेलेल्या स्त्रीचें ऋण फेडण्यासाठीं, हें मंगलाष्टकांच्या गोंगाटांत कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. द्वादशीस पान तोडूं नये. एरव्हीं गणपतीला वर्ज्य असलेली तुळस भाद्रपद चतुर्थीस मात्र चालावी. मरणाऱ्याच्या मुखांत पान ठेवावें. वारकऱ्यानें तिचे मणी गळ्यांत बाळगावे : यांतील एकाहि नियमाचा उलगडा कफपित्तांनीं होत नाहीं. घरादारावर तुळशीपत्र ठेवून निघालेल्या माणसाला खोकला झालेला नसतो.

तिचे औषधी गुण खोटे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. पान चुरडतांच जो उग्र वास येतो, त्यांत लवंगेच्या तेलांत असणारें यूजेनॉल असतें. हिंवतापाची कथा तर प्रसिद्धच आहे. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं १९०३ त लंडनच्या ‘टाइम्स’ला लिहिलें कीं, मुंबईची व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, तयार होत असतां मजूर डांसांनीं हैराण झाले, तेव्हां हिंदु व्यवस्थापकांच्या सल्ल्यानें सभोंवार तुळस लाविली, व डांस आणि ताप दोन्ही हटले. साहेबांच्या या पत्रावर आमच्या लोकांनीं फार भार टाकिला. पानांच्या अर्काचा डांसांवर कांहीं परिणाम होतो. नुसत्या उभ्या रोपानें ते पळतात, असें सिद्ध झालेलें नाहीं. लिनियसनेंहि १७६७ त तिला ‘सँक्टम’, म्हणजे पवित्र, म्हटलें होतें. परंतु ‘टेन्यूइफ्लोरम’, नाजुक फुलांची, हें त्यानेंच दिलेलें नांव १७५३ चें, म्हणून आज तेंच ग्राह्य धरितात. शास्त्राच्या दप्तरांत ज्येष्ठतेपुढें पावित्र्य हरलें !

गेल्या दिवाळीनंतर आम्ही निर्मळहून आगाशीकडे पायीं गेलों. विरार-नालासोपाऱ्याकडे आतां अंगणेंच राहिलीं नाहींत, तुळस खिडकीच्या गजांआड कुंडींत उभी असते. पण या बाजूस वाड्या अजून आहेत. एका ओटीपुढें वृंदावन, दुसरीपुढें क्रूस, असें चालतां चालतां दिसत जातें. या क्रूसाच्या घरांतूनहि जुनें सगळेंच गेलेलें नाहीं; वसई-मुंबईकडील ख्रिस्ती लग्नांत ‘उंबराचें पाणी’ आणण्याचा विधि अद्याप होतो. अशाच एका घरीं पाणी मागितलें असतां मागील दारीं, मोरीच्या जवळ, फुटक्या घागरींत आम्हांस तुळस दिसली. घरच्या वृद्ध बाईंस विचारलें, तों त्या म्हणाल्या, शेजारणीनें दिली, नातवंडांच्या खोकल्याला बरी पडते. देतांना शेजारणीनें एवढेंच बजावलें होतें, कीं दिवेलागणीनंतर पान खुडूं नये. त्या तें पाळतात काय, असें आम्हीं सहज विचारलें. बाईंनीं आमच्याकडे जरा नवलानें पाहिलें आणि सांगितलें, तिनें सांगितलें आहे ना, मग कशी खुडीन !