वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाईमार्ग

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाईमार्ग : जगातील सर्वांत कमी अंतराचा नियमित प्रवासी विमानमार्ग. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांना तो जोडतो. हवाई अंतर सुमारे २.७ किमी.; वेळापत्रकातील प्रवासवेळ २ मिनिटे. लोगनएअर या स्कॉटिश कंपनीने १९६७ मध्ये ही सेवा सुरू केली. द्वीपसमूहाचे मुख्य ठाणे कर्कवॉल येथून निघालेले विमान दोन्ही बेटांना स्पर्श करून परतते. त्या फेरीतला हा एक टप्पा होय.

अंतर व वेळ : एडिंबरा विमानतळाची धावपट्टी जेवढी लांब, जवळजवळ तेवढाच हा संपूर्ण मार्ग. अनुकूल वाऱ्यात उड्डाण मिनिटभरात संपते. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी नोंदवलेला विक्रम ५३ सेकंदांचा असून त्यात सरासरी वेग ताशी सुमारे १८३ किमी. पडतो. येथील विमानाचा समतल उड्डाणातील वेग ताशी २४० किमी. धरला, तर हे अंतर ४१ सेकंदांत कापले जायला हवे. मात्र विमान वर चढत असतानाच उतरण्याची तयारी सुरू होते आणि पूर्ण वेग गाठायला अवकाशच उरत नाही. लांब मार्गावर चढण्या-उतरण्याचा हा वेळ एकूण प्रवासात सामावून जातो. येथे तोच जवळजवळ सगळा प्रवास असतो. मार्ग साधारण पूर्व-पश्चिम असल्याने पश्चिमेचा वारा पापा वेस्ट्रेकडे जाताना वेळ वाचवतो, तर परतताना वाढवतो. उड्डाण व अवतरण शक्यतो वाऱ्याच्या सामोरे करावे लागते. त्यासाठी घ्यावी लागणारी वळणेही वेळेत भर घालतात.

विमान : ब्रिटन-नॉर्मन आयलँडर या दोन इंजिनांच्या छोट्या विमानात एक वैमानिक व साधारण ८ प्रवासी बसतात. आखूड, कच्च्या वा गवताळ धावपट्टीवरूनही ते उडू शकते. म्हणूनच अशा बेटांना ते सोयीचे ठरले.

उपयोग : २०११ च्या जनगणनेनुसार वेस्ट्रेची लोकसंख्या ५८८, तर पापा वेस्ट्रेची अवघी ९० होती. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण आणि बेटांवरील रहिवासी हे येथील नेहमीचे प्रवासी. पापा वेस्ट्रेवरील नॅप ऑफ हॉवर ही इ. स. पू. सुमारे ३७०० मधील दगडी घरे पाहण्यासाठी पुरातत्त्वज्ञ व पर्यटकही येतात. बेटांदरम्यान बोट चालते. पण तिला बराच अधिक वेळ लागतो आणि खवळलेल्या समुद्रात तिचा भरवसा राहत नाही. इतक्या थोड्या प्रवाशांवर विमानाचा खर्च भागणे शक्य नसल्याने ऑर्कनीची स्थानिक परिषद या सेवेला अर्थसाहाय्य देते. विक्रमामुळे हा मार्ग जगभर प्रसिद्ध झाला असला, तरी त्याचे खरे मोल बेटावर डॉक्टर वेळेवर पोहोचण्यात आणि शाळा चालू राहण्यात आहे. लहान वस्त्या टिकवायच्या, तर त्यांच्या वाहतुकीचा भार सार्वजनिक निधीने उचलावा लागतो, हे या सेवेने दाखवून दिले आहे.